मलेशिया-सिंगापूरचं हलाल पॅकेज घ्यावं का? फॅमिली ट्रिपचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मलेशियासाठी वेगळं हलाल पॅकेज घेऊ नका. सिंगापूरसाठीही गरज नाही, फक्त तिथं थोडा होमवर्क करून जावं लागतं. आम्ही मुंबईच्या एका कंपनीकडून दोन्ही देशांचं मिळून हलाल फॅमिली हॉलिडे असं पॅकेज घेतलं होतं, साध्या पॅकेजपेक्षा माणशी बारा-तेरा हजार जास्त देऊन, आणि त्या जास्तीच्या पैशातून जे मिळालं ते बहुतेक सगळं त्या शहरांमध्ये फुकट किंवा दहा रिंगिटमध्ये मिळत होतं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मला माहितेय की असंच पॅकेज विकणाऱ्या आता बऱ्याच कंपन्या आहेत, पूर्वी फक्त हज-उमराह करणाऱ्यासुद्धा आता बँकॉक-बाली-इस्तंबूल करायला लागल्यात, आणि सगळ्यांच्या पत्रकात त्याच चार ओळी असतात. हलाल जेवण, नमाजची सोय, फॅमिली ग्रुप, अनुभवी गाइड.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आता पुण्यात. ट्रिपला मी, नवरा, दोन मुलं, माझ्या सासूबाई (आम्ही सगळे अम्मीच म्हणतो, गुडघे दुखतात त्यांचे) आणि सोबत आमच्या सोसायटीतले काका-काकू, जे पक्के शाकाहारी. हलाल पॅकेजमध्ये शाकाहारी ब्राह्मण जोडपं कसं काय असं बऱ्याच जणांनी विचारलं, तर सोपं आहे, काकूंना आमच्याशिवाय फिरायला जायचं नव्हतं आणि त्या म्हणाल्या की दारू नसलेला ग्रुप असेल तर मला उलट बरंच आहे. त्यांचा अनुभव पुढे येईलच, तो महत्त्वाचा आहे.

मी कॉलेजात कॉमर्स शिकवते आणि आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने हलाल टुरिझमवर प्रोजेक्ट केला होता, त्यानिमित्ताने या विषयावरचं बरंच वाचून झालं होतं. त्यामुळे जाताना डोक्यात एक यादी होतीच आणि जिथे जाईन तिथे मी ती ताडून बघत होते. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबतोय.

या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध काम म्हणजे ग्लोबल मुस्लिम ट्रॅव्हल इंडेक्स. सिंगापूरची क्रेसेंटरेटिंग ही कंपनी (२००८ ची) आणि मास्टरकार्ड मिळून २०१५ पासून ही यादी काढतात. कुठला देश मुस्लिम प्रवाशाला किती सोयीचा, याचे मार्क. चार गोष्टी बघतात, तिथे पोचणं किती सोपं, माहिती आणि भाषा, वातावरण म्हणजे सुरक्षितता वगैरे, आणि प्रत्यक्ष सेवा म्हणजे जेवण, नमाजची जागा, विमानतळ, हॉटेलं. मलेशिया पहिल्यापासून एक नंबरला आहे, काही वर्षं इंडोनेशियासोबत विभागून. आणि ओआयसी या मुस्लिम देशांच्या संघटनेचे ५७ देश बाजूला काढले तर उरलेल्यांमध्ये सिंगापूर वर. त्यांच्याच अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगभरात १६ कोटी मुस्लिम प्रवासी परदेशी फिरले, म्हणजे एवढं मोठं मार्केट कुणाला नको असेल, साहजिकच विद्यापीठांतून यावर पेपरही धो-धो यायला लागले. २०१० च्या आसपास सुरुवात आणि मागच्या दहाएक वर्षांत तर पूर. लिहिणारे सगळ्यात जास्त मलेशिया आणि इंडोनेशियाचे. आधी विषय होता शरिया हॉटेल, त्यात तुर्कीचा उल्लेख हमखास, कारण तिथे दिदिमला १९९६ मध्येच असं मोठं हॉटेल सुरू झालं होतं, बायकांचा पूल वेगळा, पुरुषांचा वेगळा. मग आलं ते डेस्टिनेशन, म्हणजे अख्ख्या शहरात मशिदी, हलाल जेवण वगैरे असेल तर टुरिस्ट खूश होतो का, परत येतो का. मग जपान-कोरियासारखे देश, जिथे मुस्लिम वस्ती नगण्य. आणि आता अ‍ॅप, सोशल मीडिया, एकट्या फिरणाऱ्या मुस्लिम बायका, आणि मुस्लिम नसलेल्या पाहुण्यांना हे सगळं कसं वाटतं हेही विचारायला लागलेत.

चांगलं काम आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मी वाचलेल्यातले बरेचसे पेपर एकाच साच्याचे होते, ऑनलाइन प्रश्नावली भरून घ्यायची, एक ते पाचमध्ये मार्क द्या, मग सॉफ्टवेअरमध्ये टाकून अमक्याचा तमक्यावर परिणाम होतो असं दाखवायचं. त्यात मुस्लिम प्रवासी म्हणजे एकच माणूस धरलेला असतो. तरुण, मोबाइल वापरणारा, एकटा किंवा बायकोसोबत. आमच्या ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं होती आणि त्यातली कुठलीही दोन कुटुंबं सारखी नव्हती, आणि पॅकेजवाल्यांनी पण आम्हाला तसंच एक माणूस धरलं, तिथेच सगळा घोळ झाला.

नमाजचंच बघा. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. ग्रुपमधले भिवंडीचे, हैदराबादचे, मालेगावचे बहुतेक हनफी (शाफई आणि हनफी हे सुन्नींमधले दोन पंथ, नमाज आणि खाण्याचे नियम थोडे वेगळे). आता शाफईंना प्रवासात जोहर-असर (दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची नमाज) एकत्र आणि मगरिब-इशा (सूर्यास्तानंतरची आणि रात्रीची) एकत्र पढता येते, चार रकातीच्या (रकात म्हणजे नमाजचा एक फेरा) जागी दोन. हनफींना प्रवासात रकाती कमी करता येतात पण दोन नमाजा एका वेळेला एकत्र करता येत नाहीत. शिवाय असरची वेळ पण वेगळी, क्वालालंपूरला शाफई असर साडेचारच्या आसपास लागते आणि हनफी त्यानंतर जवळजवळ तासाभराने. गाइडकडे छापील कागद होता, त्यात दुपारी एक नमाज ब्रेक आणि संध्याकाळी एक. मग रोज बसमध्ये चर्चा. आम्हाला दुपारच्या एका ब्रेकमध्ये दोन्ही आटपून टाकता येत होतं आणि बाकीच्यांना पाच-साडेपाचला परत थांबावं लागत होतं, जे कागदात नव्हतं, म्हणून गाइड वैतागायचा आणि लोक त्याच्यावर. कुणाचीच चूक नाही यात. पण जी कंपनी नावातच हलाल लावून जास्तीचे पैसे घेते तिने बुकिंगच्या फॉर्मवर एक ओळ विचारायला काय हरकत होती? जेवण व्हेज की नॉनव्हेज विचारतात ना, तसंच हेही.

आणि मजेची गोष्ट म्हणजे मलेशिया हा देशच शाफई आहे. हे मला वाचून माहीत होतं पण तिथे गेल्यावर जे वाटलं ते वाचून कळत नाही. नवरा पहिल्या सकाळी हॉटेलजवळच्या मशिदीत फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला गेला, दुसऱ्या रकातीत इमामसाहेबांनी रुकूनंतर (वाकून उठल्यावर) हात उचलून दुआ-ए-कुनूत सुरू केली, आपल्या गावच्या मशिदीत होते तशीच. परत येऊन त्याने अम्मींना सांगितलं तर त्यांना इतकं बरं वाटलं, म्हणाल्या, "अगो, म्हणजे हे तर आपलेच." पुण्यात आल्यापासून आमच्या जवळच्या मशिदी सगळ्या हनफी, तिथे फजरला कुनूत नसते, त्यात काही अडत नाही, पण लहानपणापासूनची सवय परक्या देशात अशी समोर आली की माणूस हरखतोच. जेवणातही हेच. कोळंबी, कुर्ल्या, माकूळ, शिंपल्या, समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं आणि तिथल्या लोकांनाही. ग्रुपमधल्या हनफी मंडळींमध्ये बरेच जण कुर्ल्या आणि माकूळ खात नाहीत, त्यामुळे सीफूड डिनर म्हणून पॅकेजमध्ये जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं त्या रात्री अर्ध्या टेबलांवर नुसता भात आणि तळलेला मासा. सर्टिफिकेट असलेलं हॉटेल होतं, शंभर टक्के हलाल, तरी अर्धी माणसं उपाशी!

आता सोयींबद्दल. मलेशियात बायकांसाठी जी सोय आहे तिला मी पाचपैकी पाच देईन, खरं तर सहा. प्रत्येक मॉलमध्ये, विमानतळावर, मोठ्या स्टेशनवर, हायवेच्या थांब्यावर सुराव असतो, म्हणजे नमाजची खोली, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. क्वालालंपूरच्या एका मॉलमध्ये आम्ही गेलो तो तळमजल्याच्या पार्किंगला लागून होता, मला वाटलं कोंदट असेल, तर आत एसी, स्वच्छ कार्पेट, वुजूसाठी (नमाजआधी हात-पाय-तोंड धुवायला) खाली नळ आणि समोर बसायला दगडी ओटा, भिंतीला आरसा, आणि एका दांडीवर ओळीने टांगलेले पांढरे तेलेकुंग. तेलेकुंग म्हणजे डोक्यापासून खालपर्यंत झाकणारा सुती दोन भागांचा पोशाख, नमाजसाठी तिथल्या बायका वापरतात तो. कुणीही यावं, अडकवलेला घ्यावा, नमाज पढून परत अडकवावा. जीन्समधल्या मुली आल्या, शॉपिंगच्या पिशव्या कोपऱ्यात ठेवल्या, तेलेकुंग चढवला, पाच मिनिटांत नमाज पढून, लिपस्टिक ठीक करून परत मॉलमध्ये. मागे दोन खुर्च्या ठेवलेल्या होत्या, अम्मींनी लगेच त्यातली एक घेतली. आमच्याकडे बाजारात गेलेल्या बाईला जोहरची वेळ झाली तर तिने काय करायचं? घरी यायचं. नाहीतर कझा करायची, म्हणजे वेळ टळल्यावर नंतर पढायची. कितीतरी ठिकाणी मशिदीत बायकांना जागाच नसते. अम्मींनी उभ्या आयुष्यात मशिदीत जमातीने (सगळ्यांसोबत) नमाज फक्त उमराहला पढली होती, ती दुसऱ्यांदा पढली पुत्राजयाच्या पुत्रा मशिदीत, मगरिबची. गुलाबी ग्रॅनाइटची ती मशीद, बाजूला तळं, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या अनोळखी बायका त्यांना पुढे सरकायला जागा करून देत होत्या. हे पॅकेजच्या पत्रकात कुठे नव्हतं. तिथे फक्त फोटो स्टॉप असं लिहिलेलं, वीस मिनिटांचा, मगरिबसाठी आम्ही हट्टाने थांबलो.

टॉयलेटमध्ये पाणी, हा विषय लोक लिहायला लाजतात पण क्रेसेंटरेटिंगवाल्यांनी मुस्लिम प्रवाशाच्या गरजांच्या यादीत तो पहिल्यापासून घेतलाय आणि बरोबर घेतलाय. मलेशियात जवळपास प्रत्येक टॉयलेटमध्ये पाइप असतो, जमीन ओली असते एवढंच. सिंगापूरमध्ये चकाचक, सुगंधी, कोरडं, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त कागद. मशिदींमध्ये आणि काही मॉलमध्ये असतो स्प्रे, पण आमच्या हॉटेलच्या खोलीत नव्हता. हलाल पॅकेजचं हॉटेल निवडताना ही गोष्ट बघितलीच नव्हती कुणी. एक रिकामी बाटली पर्समध्ये ठेवा, आणि हॉटेल बुक करताना ईमेल करून विचारा, ते सरळ सांगतात. काकूंनाही याची तितकीच अडचण झाली, त्यामुळे ही फक्त आमची गरज असं काही नाही.

सर्टिफिकेटबद्दल नीट लिहिते कारण यात लोक फसतात. मलेशियात हलाल सर्टिफिकेट देणारी सरकारी संस्था म्हणजे जाकिम आणि राज्यांची धार्मिक खाती, दुसरं कुणीही नाही, २०११ चा तसा कायदाच आहे. गोल लोगो, मध्ये आठ टोकांचा तारा, त्यात अरबीत हलाल. तो लोगो नसताना दुकानदार नुसतं हलाल असं लिहू शकत नाही, म्हणून मग काही ठिकाणी पाटी दिसते, नो पोर्क नो लार्ड. ही पाटी म्हणजे हलाल नाही. डुक्कर नाही एवढंच ते सांगतात, कोंबडी कुठून आली, शिजवताना वाइन घातली का, याची काही हमी नाही. आमच्या पॅकेजमधल्या एका दुपारच्या जेवणाला नेमकं असंच हॉटेल होतं. भिवंडीच्या एका काकांनी काउंटरवर जाऊन सर्टिफिकेट दाखवा म्हटलं तर ते नव्हतं, नो पोर्कची पाटी होती. गाइड म्हणाला, सर चलता है, सब यहीं खाते हैं. अर्धा ग्रुप उठला आणि रस्त्यापलीकडच्या मामक हॉटेलात गेला, स्वतःच्या पैशाने. मामक म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेलं, दिवसरात्र चालू असतात, पत्र्याखाली टेबलं, रोटी चनाई आणि सोबत डाळ, आणि तेह तारिक, म्हणजे उंचावरून ओतत फेसाळ करतात तो चहा. रोटी चनाई आम्ही गेलो तेव्हा दीड-दोन रिंगिटला होती, रिंगिट म्हणजे तेव्हा आपले साधारण वीस रुपये. त्या दिवशीचं जेवण आमच्या अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात भारी जेवण होतं आणि पॅकेजमधलं नव्हतं.

पॅकेजमधलं जेवण कसं होतं? रोज रात्री इंडियन रेस्टॉरंट. बटर चिकन, जिरा राइस, मिक्स व्हेज, गुलाबजाम. हलाल म्हणजे आपल्यासारखं असं काहीतरी यांच्या डोक्यात बसलेलं असावं. अरे आम्ही मलेशियाला आलोय, जिथे बहुतेक देश हलाल खातो, तिथे नासी लेमाक, सोतो, रेंदांग, साताय, लाक्सा सोडून आम्हाला बटर चिकन? कांपुंग बारूमध्ये आम्ही दोघं आणि मुलं एका सकाळी बसच्या वेळेआधी जाऊन नासी लेमाक खाऊन आलो, केळीच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेला भात, झणझणीत सांबाल, अंडं, काकडी, शेंगदाणे आणि तळलेली सुकी छोटी मासळी, आपल्याकडे पेजेबरोबर सुकट भाजून घेतात त्याच चवीची. मुलांनी परत मागून खाल्लं.

काकू-काकांचे मात्र हाल. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे हे सगळ्यांना कळतं पण मलेशियातल्या भाजीतसुद्धा बेलाचान असतं हे आधी कुणी सांगत नाही. बेलाचान म्हणजे जवळ्याची आंबवलेली वडी, सांबालमध्ये ती असते, कांगकुंगच्या भाजीत असते. वरून हिरवीगार भाजी आणि वासावरून आम्हाला लगेच कळलं, काकूंना मी घास घेऊ दिला नाही. गाइडला सांगितलं होतं व्हेज, तो भाजी आहे ना म्हणाला. मग आम्ही स्वतःच शोधलं. क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्स, सेंट्रल स्टेशनला लागूनच, तिथे केळीच्या पानावरची शुद्ध शाकाहारी जेवणं. बाटू केव्ह्जला पायथ्याशीच शाकाहारी हॉटेलं आहेत, काकूंनी २७२ पायऱ्या चढून मुरुगनचं दर्शन घेतलं आणि खाली येऊन डोसा खाल्ला, आणि अम्मी तोपर्यंत खाली त्या सोनेरी पुतळ्यासमोर कबुतरं बघत बसल्या होत्या मुलांसोबत. सिंगापूरला सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, तिथे काका-काकू रोज जायला तयार होते. म्हणून म्हणते, मुस्लिम नसलेल्या सोबत्यांना काय वाटतं यावर जे पेपर येतात त्यात दारू नाही, बिकिनी नाही, याने ते नाराज होतात का एवढंच विचारतात. आमच्या काकूंना दारू नसल्याचं सुखच होतं, त्यांचा प्रश्न जवळ्याचा होता.

गेंटिंग हायलंड्सला पण नेलं. केबल कार छान, थंड हवा, मुलं खूश. पण तिथे कसिनो आहे आणि त्याच्या दारावर मुस्लिमांना प्रवेश नाही अशी पाटी असते, मलेशियात मुसलमानाला जुगार कायद्यानेच मना आहे. हलाल पॅकेजमध्ये अर्धा दिवस तिथे आणि मस्जिद नेगारा मात्र बसमधून दाखवली. १९६५ ची राष्ट्रीय मशीद, छत्रीसारखं छप्पर, ७३ मीटरचा मिनार, शेजारी इस्लामिक आर्ट्स म्युझियम, जिथे अख्खा दिवस जाईल. आम्ही मोकळ्या वेळात स्वतः गेलो. मुस्लिम नसलेल्यांनाही ठरलेल्या वेळात आत जाता येतं, झगा तिथेच देतात, काका-काकू दोघंही आत आले आणि काका तर त्या खांबांच्या रांगांमध्ये बराच वेळ शांत बसून होते.

सिंगापूरबद्दल. तिथे मुस्लिम लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अल्पसंख्याक, आपल्यासारखेच, तरी व्यवस्था इतकी चोख की काही विचारायची वेळच येत नाही. सर्टिफिकेट देणारी एकच संस्था, मुईस, कायद्याने अधिकार तिलाच. त्यांच्या हलालएसजीच्या यादीत दुकानाचं नाव टाकलं की सर्टिफिकेट आहे की नाही लगेच दिसतं. मी हे बसमध्ये बसून करायचे आणि ग्रुपला सांगायचे. हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात तिथे) हलाल आणि नॉन-हलाल स्टॉल शेजारी शेजारी, पण ट्रे वेगळे आणि ते परत ठेवायचे रॅकही वेगळे, वर ठळक पाटी. ट्रे स्वतः उचलून ठेवायचा हं, २०२१ पासून तो नियम आहे, टेबलावर सोडून उठायचं नाही. मला ही ट्रेची गोष्ट फार आवडली. एकाच छपराखाली चिनी माणूस त्याचं खातोय, मलय बाई तिचं, कुणी कुणाला नाक मुरडत नाही, भांडी तेवढी वेगळी, आणि सगळं उघड लिहिलेलं.

कांपोंग ग्लामला सुलतान मशीद बघाच. आताची इमारत १९३२ ला पूर्ण झाली. सोनेरी घुमटाच्या खाली एक काळसर पट्टा दिसतो, जवळून बघितलं तर त्या बाटल्यांच्या काचा आहेत, मशीद बांधताना श्रीमंतांनी पैसे दिले आणि गरीब मुसलमानांनी बाटल्या आणून दिल्या, म्हणजे त्यांचाही हात लागावा. आमच्या गाइडने हे सांगितलं नाही, तिथल्या एका स्वयंसेवकाने सांगितलं. समोर झमझम, १९०८ पासूनचं हॉटेल, मटण मुर्तबाक (भरलेला पराठा) घ्या, एकात दोघांचं पोट भरतं. आणि चायनाटाउनमध्ये साउथ ब्रिज रोडला जामे चुलिया मशीद आणि थोड्याच अंतरावर श्री मारियम्मन मंदिर, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला काकू, आणि मग रस्त्यावर भेटलो.

सिंगापूरला पॅकेजची सगळ्यात मोठी चूक सकाळच्या नाश्त्याची. हॉटेलचं किचन हलाल नव्हतं, म्हणून आम्हाला रोज खोक्यात ब्रेड, जॅमची पुडी, केळं आणि ज्यूस. जास्तीचे पैसे देऊन! चालत पाच मिनिटांवर हलाल सर्टिफिकेटवाली टोस्ट-कॉफीची दुकानं होती, काया टोस्ट, अर्धकच्ची अंडी, गरम कॉफी. अम्मींना डायबिटीस, त्यांना जॅम-ज्यूस देऊन उपयोग काय.

तर मार्क असे. मलेशिया देश म्हणून, पाचपैकी पाच. सिंगापूर, साडेचार, अर्धा टॉयलेटच्या पाण्यासाठी कापला. इंडेक्समध्ये हे दोन्ही जिथे आहेत तिथे अगदी योग्य आहेत असं माझं मत झालं. आमचं पॅकेज, दोन, तेही बस आणि हॉटेलची जागा चांगली होती म्हणून.

ज्यांना स्वतः जायचंय त्यांच्यासाठी. मलेशियाला भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, सवलत पुढे वाढवत आणलीये, तरी जाण्याआधी एकदा तपासा, आणि डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. सिंगापूरला व्हिसा लागतो, वेळेत करा. विमानाच्या बुकिंगमध्ये मुस्लिम मील असा पर्याय असतो तो आधीच निवडा. क्वालालंपूरला मगरिब वर्षभर सात ते साडेसातच्या आसपासच असते, विषुववृत्ताजवळ असल्याने फार हलत नाही, आणि जोहर एकच्या सुमारास किंवा त्यानंतर, त्यामुळे सकाळी नऊ ते एक निवांत फिरता येतं, वेळापत्रक स्वतः बसवणं अगदी सोपं. शाफईंनी एक लक्षात ठेवा, एका शहरात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार किंवा जास्त दिवस राहायचं ठरवूनच गेलात तर कसर-जमा (नमाज कमी करणं आणि एकत्र करणं) नाही, आपल्या आलिमांना विचारून घ्या.

आणि तरीही कुणाला कंपनीकडूनच जायचं असेल, वयस्कर माणसं असतील तर मी समजू शकते, तर पैसे भरायच्या आधी हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रत्येक जेवणाच्या हॉटेलचं नाव काय, त्याला जाकिम किंवा मुईसचं सर्टिफिकेट आहे का. असरला बस कुठे थांबणार. बायकांना नमाज कुठे. हॉटेलच्या बाथरूममध्ये पाणी आहे का. नाश्ता हॉटेलात की खोक्यात. मलेशियाने स्वतः २०१५ मध्ये मुस्लिम-फ्रेंडली सेवांसाठी स्टँडर्ड काढलंय, एमएस २६१०, त्यात हॉटेलंच नव्हे तर टूर पॅकेज आणि गाइडसाठीपण अटी आहेत, तर तुमचा तिथला गाइड त्याप्रमाणे शिकलेला आहे का हेही विचारा. आमच्या कंपनीला मी परत आल्यावर हे सगळं ईमेलने लिहिलं, त्यांनी पुढच्या वेळेस दहा टक्के सूट देऊ असं कळवलं, मुद्द्यांचं उत्तर दिलं नाही.

जपानसाठी मात्र मी कंपनी घेईन, चांगली मिळाली तर. तिथे सॉसमध्ये, भातात, सुपात मिरीन आणि साके, म्हणजे तांदळाची दारू असते, भाषा वाचता येत नाही, मशिदी लांब लांब, २०१३ मध्ये मलेशियन लोकांना व्हिसा सोपा केल्यानंतर तिथल्या विमानतळांवर नमाजच्या खोल्या झाल्या, हॉटेलं शिकायला लागली, पण अजून सगळीकडे नाही. तिथे माहितगार माणूस सोबत असेल तर त्याला जास्तीचे पैसे द्यायला माझी काही ना नाही. कुणी अलीकडे जाऊन आलं असेल, विशेषतः कोकणातलं, वयस्कर माणसांना घेऊन, तर खाली कंपनीचं नाव आणि काय काय मिळालं ते नक्की लिहा, अम्मींना आता चेरी ब्लॉसम बघायचाय.